ऑर्थो-के लेन्स : डावा डोळा आठ दिवसांत, उजवा दोन महिन्यांनी

ऑर्थो-के म्हणजे बुबुळ (कॉर्निया) हलकंसं चपटं करून नंबर तात्पुरता उतरवणाऱ्या कडक लेन्स. रात्री लेन्स घालून झोपायचं, सकाळी काढून ठेवायच्या आणि दिवसभर चष्म्याशिवाय फिरायचं, एवढंच मला माहीत होतं. डाव्या डोळ्याच्या बाबतीत ते अगदी तसंच झालं, नंबर मायनस साडेतीन, आणि आठव्या सकाळी भिंतीवरचं घड्याळ अंथरुणातूनच वाचलं. उजव्याने मात्र छळ छळ छळलं.

पहिल्या रात्रीनंतरच उजव्यात गडबड वाटत होती. नंबर उतरल्यासारखा वाटे पण प्रत्येक अक्षराखाली त्याचीच फिकट सावली दिसायची, आणि रात्री समोरून गाडी आली की दिव्याला शेपूट. फॉलो-अपला लेन्स बसवून देणाऱ्या गृहस्थांना सांगितलं तर उत्तर, "थांबा, होईल सेट". आठवड्याने परत तेच. सुरुवातीला थोडी सावली, थोडे वलय बऱ्याच जणांना दिसतात हे खरं, म्हणून मीही गप्प बसले, चूक माझीच. तिसऱ्या वेळी मी हट्टाने टोपोग्राफीचा, म्हणजे मशीनने काढलेला बुबुळाच्या आकाराचा, नकाशा स्क्रीनवर दाखवा म्हटलं. डाव्याचा नकाशा बघितला तर मधोमध छान गोल निळा ठिपका, भोवती लाल कडं (निळा म्हणजे चपटा झालेला भाग, लाल म्हणजे जास्त वक्र). उजव्याचा निळा भाग वर सरकलेला आणि खाली लाल चंद्रकोर, चक्क हसरा चेहरा! लेन्स रात्री वरच्या पापणीकडे सरकून बसत होती आणि बुबुळ नको त्या जागी चपटं करत होती. तीन आठवडे हे मशीनमध्येच होतं, कुणी नीट बघितलं नव्हतं.

मग नवीन लेन्स मागवायची, पण त्याआधी बुबुळ मूळ आकारात यायला हवं म्हणून उजवी बंद. म्हणजे डावा डोळा बिननंबरी आणि उजवा रोज थोडा थोडा जुन्या नंबरकडे परत चाललेला. शेवटी जुन्या चष्म्याची डावी काच काढून तो घातला, तर दोन्ही डोळ्यांना वस्तू वेगवेगळ्या आकाराच्या दिसायला लागल्या, जिना उतरताना पायरीचा अंदाज चुकायचा. दोन आठवडे हे, मग पुन्हा टोपोग्राफी, मग लेन्स येईपर्यंत परत वाट. फोन केला की "आज-उद्या येईल".

नवीन लेन्सच्या पाचव्या दिवशी ठिपका मधोमध आला. तर तेच गृहस्थ म्हणतात, "बघा, झालं ना सेट!" मी काही बोलले नाही.

म्हणून सांगते, नकाशा पहिल्याच फॉलो-अपला स्वतः बघा, दोन्ही डोळ्यांचा शेजारी शेजारी. आणि हो, हे आधी लिहायला हवं होतं, रोज सॉफ्ट लेन्स वापरत असाल तर पहिल्या टोपोग्राफीच्या आधी त्या किती दिवस बंद ठेवायच्या ते विचारून घ्या, त्यानेही बुबुळाचा आकार बदललेला असू शकतो.

सकाळी लेन्स चिकटलेली असते. ओढायची नाही! थेंब घाला, पाच मिनिटं थांबा, खालच्या पापणीने कडेला हलकं दाबा, डोळे मिचकावल्यावर ती हलताना दिसली की मगच सक्शन कप (लेन्स ओढून काढायचा छोटा रबरी कप) लावा. मी एकदा घाईत तशीच ओढली आणि दिवसभर डोळा लाल. नळाचं पाणी लेन्सला, डबीला, कपला कशालाच लावू नका, त्यातल्या अमिबामुळे होणारं इन्फेक्शन दृष्टी घालवू शकतं. लेन्स भिजवून साफ करायला पेरॉक्साइडचं सोल्युशन असेल तर सहा तास पूर्ण होऊ द्या, नाहीतर डोळ्यात आग आग होते. दुखलं, लाल झालं, उजेड सहन होईना, तर त्या रात्री लेन्स नाहीच, लगेच डॉक्टर.

मुलांसाठी विचारणारे बरेच असतात. मुलांमध्ये नंबर वाढायचा वेग याने कमी होतो, थांबतोच असं नाही. आणि हे ऑपरेशन नाही, लेन्स सोडली की नंबर परत. मागच्या आठवड्यात तापामुळे दोन रात्री घातली नाही, तिसऱ्या दिवशी दुपारपर्यंत घड्याळ पुन्हा धूसर.