डिकी नंतर, आधी सीटची उंची सांगा

आमच्या मिरजेच्या फॅमिली ग्रुपवर मध्यंतरी कुणीतरी फॉरवर्ड टाकला, की इंग्लंडमध्ये सरकार अपंगांना फुकटात बीएमडब्ल्यू देतं. खाली लगेच आत्याचा मेसेज, "अगं मग तू ही साधीच का घेतलीस?" आत्याला फोनवर सांगितलं थोडंफार, पण त्यानंतर आणखी तिघाचौघांनी तेच विचारलं, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं.

तर पहिली गोष्ट, फुकट नाही. योजनेचं नाव मोटॅबिलिटी. इथं पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट म्हणून एक भत्ता असतो, सगळे त्याला पिप म्हणतात. त्याचे दोन भाग, एक रोजच्या जगण्याचा आणि एक हिंडण्याफिरण्याचा. हिंडण्याफिरण्याचा वरचा दर मिळत असेल तरच गाडीचा विषय निघतो. २०२५-२६ ला तो आठवड्याला ७७.०५ पौंड होता. पगार किती, घरात किती कमावते हे यात कोणी विचारत नाही, तुम्हाला चालता किती येतं ते विचारतात. उभं राहून वीस मीटरच्या पुढं जाता येत नसेल तर एकदम बारा पॉइंट, आणि वरच्या दराला बाराच लागतात. तो भत्ता हातात घ्यायचा आणि टॅक्सीबिक्सीला वापरायचा, नाहीतर तो सरळ योजनेकडं वळता करायचा आणि बदल्यात तीन वर्षांसाठी नवी गाडी लीजवर घ्यायची. म्हणजे तीन वर्षांत माझे बारा हजार पौंड त्यात जातात. आत्या, बारा हजार. फुकट कुठं?

पण सौदा चांगला आहे हे खरं. त्या पैशात इन्शुरन्स, सर्व्हिसिंग, टायर, काच फुटली तर काच, रस्त्यात बंद पडली तर मदत, सगळं आलं. मला स्वतःला एकटीनं इन्शुरन्स काढायचा म्हटलं असतं, पायाला कॅलिपर (आधाराची चौकट), गाडीत बदल केलेले, तर काय आकडा आला असता देव जाणे. आपल्या खिशातून चार्जिंग किंवा पेट्रोल, एवढंच. आणि अ‍ॅडव्हान्स पेमेंट, त्यावर येते पुढं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, माझा उजवा पाय लहानपणीच पोलिओत गेला. कॅलिपर आणि काठीवर चालते, लांब जायचं असेल तर फोल्डिंगची व्हीलचेअर. कॉलेजला असताना मिरजेत माझ्याकडं साइड व्हील लावलेली स्कूटर होती, जुन्या लोकांना आठवत असेल, मागं आई बसायची आणि रेल्वे स्टेशनच्या रस्त्यावरचे सगळे खड्डे मोजायची. हे सांगायचं कारण म्हणजे इथं पूर्वी काय होतं ते मला इकडं कॉव्हेंट्रीला आल्यावर कळलं. इथलं सरकार अपंगांना फिकट निळ्या रंगाची तीनचाकी द्यायचं. छप्पर होतं, दार होतं, पण सीट एकच! म्हणजे आई असेल, नवरा असेल, लेकरू असेल, त्यानं मागून बसनं यायचं. वाऱ्यात हलायची, आणि पेट घेण्याबद्दलही तिचं नाव खराब होतं. १९७६ ला सरकारनं हिंडण्याफिरण्याचा भत्ता रोख द्यायला सुरुवात केली, पण त्या आठवड्याच्या चार पैशांत गाडी कशी येणार, म्हणून १९७७ ला वकील लॉर्ड गुडमन आणि उद्योजक जेफ्री स्टर्लिंग या दोघांनी मोटॅबिलिटी उभी केली, की सगळ्यांचे भत्ते एकत्र केले तर गाड्या ठोक भावात घेता येतील. सरकारच्या मालकीच्या निळ्या तीनचाकी २००३ च्या ३१ मार्चला रस्त्यावरून काढून घेतल्या. माझ्या स्कूटरला छप्पर नव्हतं पण आईला जागा होती, त्या बाबतीत आपण पुढं होतो म्हणायचं.

आता गाडी निवडायचं. आमच्याकडं नवऱ्याची एक्सेल शीट तयार झाली, रेंज, बॅटरी, स्क्रीन केवढी, कॅमेरे किती. मी पर्समध्ये शिवणकामाची टेप टाकली. शोरूममधला मोटॅबिलिटीचा माणूस (बऱ्याच डीलरकडं या योजनेचा वेगळा माणूस असतो) बिचारा डिकीचे लिटर सांगत होता आणि मी सीटच्या कडेपासून जमिनीपर्यंत टेप लावून बसलेली. डिकी नंतर हो, आधी सीटची उंची सांगा.

कारण असंय, कॅलिपरला गुडघ्याशी लॉक असतं. उभी असताना पाय सरळ काठीसारखा. बसायचं म्हणजे आधी पाठमोरं होऊन बूड टेकवायचं, मग लॉक काढायचं, मग पाय हातानं उचलून आत घ्यायचा. सीट खाली असेल तर शेवटच्या वीतभर अंतरात माणूस धपकन पडतो, आणि उठताना तर विचारूच नका. सीट फार वर असेल, त्या मोठ्या एसयूव्ही असतात तशी, तर बूडच टेकत नाही, चढावं लागतं. माझी उंची या दोन्हीच्या मधली, ती मला माहितीय, घरातल्या ज्या खुर्चीवरून मी सहज उठते तिची उंची मोजून ठेवलेली. दुसरं, दार किती उघडतं. सरळ पाय बाहेर आणि मी आडवी बसलेली, तेवढी जागा हवी. तिसरं, दाराखालचा उंबरा, तो रुंद असला की पाय आत घेताना बूट अडकतो. हे तिन्ही आकडे कुठल्याही ब्रोशरमध्ये सरळ मिळत नाहीत, आणि रिव्ह्यू करणारा माणूस टुणकन उडी मारून बसतो त्यामुळं त्याला ते सुचतही नाहीत.

मग पेडल. उजवा पाय काम करत नाही म्हणून मला डाव्या पायाचा अ‍ॅक्सिलरेटर लागतो, आणि गाडी ऑटोमॅटिकच. ब्रेकच्या डावीकडं एक जादा पेडल बसवतात, ते खाली केलं की उजवीकडचं वर घडी होतं, नवऱ्याला चालवायची असेल तर उलटं. योजनेत असे बरेच बदल लीजच्या सुरुवातीलाच करून घेतले तर वेगळे पैसे लागत नाहीत. हातानं चालवायचे कंट्रोल, स्टिअरिंगवरचा गोळा, व्हीलचेअर उचलणारा हॉइस्ट, सगळी मोठी यादी आहे. फक्त प्रत्येक गाडीत प्रत्येक गोष्ट बसत नाही. एका गाडीत डावा पाय टेकवायचा कट्टाच एवढा मोठा होता की पेडलला जागा नाही, आणि नवऱ्याच्या शीटमध्ये तीच पहिल्या नंबरला.

लायसन्सचंही विचारतात लोक म्हणून मध्येच सांगते. आपलं भारतातलं लायसन्स इथं राहायला आल्यापासून बारा महिने चालतं, त्यानंतर इथली परीक्षा द्यावीच लागते, बदलून मिळत नाही. तब्येतीची माहिती डीव्हीएलएला, म्हणजे इथल्या आरटीओला, आधी कळवावी लागते. माझ्या लायसन्सवर ७८ आणि २५ असे कोड आहेत, ७८ म्हणजे फक्त ऑटोमॅटिक, २५ म्हणजे बदललेला अ‍ॅक्सिलरेटर. आणि एक गंमत, पिपचा हा वरचा दर ज्या मुलांना मिळतो त्यांना सतराच्या ऐवजी सोळाव्या वर्षीच गाडी चालवायला येते. आमच्या लेकीला हे कळल्यापासून ती म्हणते, "आई हे अनफेअर आहे."

बर्मिंगहॅमच्या एनईसी या प्रदर्शन केंद्रामध्ये अशा गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरतं, आम्ही तिथं गेलो होतो आणि माझ्या मते निवड खरी तिथंच झाली. एकाच हॉलमध्ये वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्या, सगळ्यांची दारं उघडी, आणि आजूबाजूला सगळे काठीवाले, चाकवाले, त्यामुळं दहा वेळा बसलं उठलं तरी कोणी बघत नाही, उलट रांगेतली बाई सांगते की त्या पांढरीत बसू नकोस, मान आपटते. व्हीलचेअर सोबतच होती, ती प्रत्येक डिकीत टाकून बघितली. इथं लिटर कामाचे नाहीत. डिकीचा काठ उंच असला की पंधरा किलोची चेअर उचलून आधी वर आणि मग खाली सोडावी लागते, नवऱ्याची कंबर दोन महिन्यात जाईल.

इलेक्ट्रिक घ्यावी का यावर आमचं घरात भांडण झालं, आणि गंमत म्हणजे नवरा पेट्रोलच्या बाजूनं, मी इलेक्ट्रिकच्या. पर्यावरण वगैरे ठीक आहे, माझं कारण वेगळंय. इथं पेट्रोल पंपावर भरून द्यायला कोणी नसतं. आपल्याकडं काच खाली करून "पाचशेचं टाक" म्हटलं की झालं, इथं स्वतः उतरा, पावसात नळी धरा, आत जाऊन पैसे द्या. मदत मागवता येते, अ‍ॅप आहेत, पण रात्री पंपावर एकटाच माणूस काउंटरला असला की तो बाहेर येऊ शकत नाही. घरी चार्जर असला की हा विषयच संपला. आमच्या घरापुढं गाडी लावायला स्वतःची जागा आहे म्हणून योजनेतूनच चार्जर बसवून मिळाला. ज्यांची घरं रस्त्याला लागून, चाळीसारखी एकाला एक चिकटलेली आहेत त्यांना हे जमत नाही, त्यांना बाहेरच्या चार्जरवर जावं लागतं, आणि बाहेरचे चार्जर म्हणजे वाट्टेल त्या फुटपाथवर चढवून ठेवलेले, केबल जड, स्क्रीन उभ्या माणसाच्या उंचीला. २०२२ ला यासाठी पास १८९९ नावाचं मानक आलं, चार्जर कसे असावेत याचं, पण ते पाळायची सक्ती नाही. त्यामुळं घरी चार्जर नसेल तर मी कोणाला इलेक्ट्रिक घे म्हणणार नाही.

शेवटी किया निरो घेतली. तुमच्याकडं ती नाही, सेल्टॉसची चुलतबहीण समजा. सीट माझ्या खुर्चीएवढी, दार भरपूर उघडतं, हँडब्रेक बटणावर, पेडल बसलं. काका म्हणाले टाटांची जग्वार घ्यायचीस की, तुमच्या कॉव्हेंट्रीतच ऑफिस आहे त्यांचं. काका, ती आमच्या यादीत नव्हती, आणि असती तरी मी तिच्यातून उठले नसते.

आता ते अ‍ॅडव्हान्स पेमेंट. काही गाड्यांना ते शून्य असतं, काहींना काही हजार पौंड सुरुवातीला भरायचे, आणि ते परत मिळत नाहीत. दर तीन महिन्यांनी यादी बदलते, जानेवारीत शून्य असलेली गाडी एप्रिलला तशीच असेल असं नाही. बीएमडब्ल्यूवाले लोक होते ते हे पैसे स्वतःच्या खिशातून भरत होते. तरी पेपरांनी इतका गदारोळ केला की २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये बीएमडब्ल्यू, मर्सिडीज, ऑडी, लेक्सस आणि अल्फा रोमिओ योजनेतून काढून टाकल्या, आणि त्याच आठवड्यात बजेटमध्ये आलं की २०२६ च्या जुलैपासून या अ‍ॅडव्हान्स पेमेंटवर व्हॅट लागणार. व्हीलचेअरसकट आत जाता येतं त्या गाड्यांना सूट आहे. महागड्या गाड्या गेल्या त्याचं मला काही वाटलं नाही. व्हॅटचा मात्र राग येतो, कारण ऑटोमॅटिक, योग्य उंचीची आणि डिकीत चेअर मावणारी अशी गाडी बघायला गेलं की बहुतेक वेळा तिलाच अ‍ॅडव्हान्स असतो. ती हौस नसते. ज्याला चेअर आणि मूल आणि आठवड्याचा बाजार एकत्र न्यायचाय त्यानं छोटी हॅचबॅक घेऊन करायचं काय?

आणि ही गाडी माझी नाही हेही लक्षात असू दे. तीन वर्षांनी परत. मध्येच पिपचं रिव्ह्यू आलं आणि वरचा दर काढून घेतला तर त्याआधीच परत. पोलिओ काय बरा होणार आहे का, पण फॉर्म येतो आणि तो भरताना पोटात गोळा येतोच. चालवायला मी आणि नवरा, दोघांची नावं आहेत. तो माझ्यासाठी औषधं, भाजी आणायला एकटा जाऊ शकतो, पण टॅक्सी किंवा जेवणाच्या डिलिव्हरीला ही गाडी वापरली तर ते चालत नाही.

इकडं यायच्या तयारीत असलेल्या दोनतीन मुलींनी मला विचारलंय, त्यांच्यासाठी. वर्क व्हिसा, स्टुडंट व्हिसा यांवर सहसा लिहिलेलं असतं की सरकारी भत्ते मिळणार नाहीत, त्यात पिप येतं. म्हणजे गाडीही नाही. कायमचं राहायची परवानगी मिळाली की मग अर्ज, आम्हीही तोपर्यंत जुनीच गाडी ओढली. आणि आईवडलांना इकडं आणून त्यांच्या नावावर गाडी घेऊ असं कोणाच्या डोक्यात असेल तर तेही नाही, इथल्या पेन्शनच्या वयानंतर पिपचा नवा अर्ज करता येत नाही, आणि म्हाताऱ्यांचा जो अटेंडन्स अलाउन्स आहे त्यात हिंडण्याफिरण्याचा भागच नाही. परवानगी असेल, वय बसत असेल, तर गाडी बघायच्या आधी जवळच्या मोबिलिटी सेंटरला जाऊन या. ते तुमचा हात, पाय, नजर तपासून कुठले कंट्रोल चालतील ते चालवून दाखवतात आणि लिहून देतात. तो कागद हातात असला की शोरूमवाला स्क्रीन दाखवायला लागला तरी आपल्याला काय विचारायचंय ते माहीत असतं. आणि टेप घरून न्या, त्यांच्याकडं नसते.