२०७ साठी इंजिन: ठाणे ते कळंबोली, चार खेपा

आमची टाटा २०७ डीआय २०१२ ची. मंडपाचे बांबू, पाइप, पडदे, खुर्च्या, सगळं तिच्यावरच. जुलैत खारघरच्या कामासाठी भरून निघाली आणि मुंब्रा बायपासच्या चढावर रेडिएटरचा खालचा होज, म्हणजे पाण्याचा रबरी पाइप, फाटला. तापमानाचा काटा लाल रेघेला टेकलेला ड्रायव्हरला दिसला होता, पण मागे कंटेनरची रांग, बाजूला घ्यायला जागा नाही. त्याने तशीच वरपर्यंत ओढली. तेवढ्यात इंजिनचं हेड, म्हणजे वरचं झाकण, वाकलं आणि दोन नंबरचा पिस्टन लायनरला धरला, म्हणजे सिलिंडरात अडकून बसला.

कोलशेतच्या गॅरेजात मिस्त्रींनी इंजिन उघडलं आणि मला बोलावून घेतलं. "ताई, क्रँक शेवटच्या साइजला आलाय. आता ग्राइंड केला तर बेअरिंग मिळणार नाही." क्रँक म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात तो इंजिनचा मुख्य दांडा. दर वेळी इंजिनचं काम काढलं की तो थोडा घासतात आणि तेवढं जाड बेअरिंग घालतात. बाबांनी हे काम आधी तीनदा करून घेतलं होतं. तुमच्या क्रँकला अजून साइज शिल्लक असेल आणि ब्लॉकला तडा नसेल, तर दुसऱ्या इंजिनच्या मागे लागू नका, आहे त्याचंच काम करा. आमच्यापुढे तो रस्ता उरला नव्हता, आणि गणपती सहा आठवड्यांवर होते.

पहिली खेप कळंबोलीला. ठाण्याहून पनवेल लोकल, खांदेश्वरला उतरून रिक्षा. लोखंड बाजाराच्या आजूबाजूला ट्रकची गॅरेजं आणि जुन्या मालाची दुकानं आहेत. सकाळी लवकर जाऊन उपयोग नाही, अकरापर्यंत मला निम्मी शटरं बंदच दिसली. पावसात गमबूट घाला, तिथे चिखलात डिझेल मिसळलेलं असतं.

इथेच माझे पाच हजार गेले. एका दुकानदाराने फोनवर फोटो पाठवले होते, "कमी चाललेलं, चालू गाडीतून काढलेलं" म्हणाला, आणि मी टोकन पाठवून मोकळी झाले होते. प्रत्यक्षात इंजिन बाहेरून धुऊन चकचकीत केलेलं होतं. मिस्त्रींनी मात्र आधी टॉर्च मारला तो ब्लॉकवरच्या नंबरावर. नंबराच्या जागी ग्राइंडर फिरवलेला. दुकानदार शांतपणे म्हणाला, "मॅडम, तुमचा जुना नंबर मारून देतो ना." आम्ही तिथूनच परत फिरलो. टोकन मिळालं नाही. नंबर खोडलेलं इंजिन चोरीचं असू शकतं, आणि त्यावर आपला नंबर ठोकून घेणं हा सरळ गुन्हा आहे. कितीही स्वस्त असलं तरी हात लावू नका. आधी नंबर, मग बिल, आणि किंमत त्यानंतर विचारायची, हे मी त्या दिवशी शिकले.

दुसरी खेप कुर्ल्याची. तिथे एक बरं इंजिन मिळालं होतं, नंबर स्वच्छ, मूळ गाडीच्या कागदांची प्रतही होती. पण डिपस्टिकवरचं तेल दुधाळ, म्हणजे तेलात पाणी उतरलेलं. सेकंड इंजिन घेणारच असाल तर चालू करून दाखवायला सांगा. तेल भरायचं झाकण काढून पाहा, धूर फुसफुसत वर येत असेल तर रिंगा गेल्यात. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजून घ्या. आकडा किती यापेक्षा चारांमध्ये फरक किती, हे जास्त सांगून जातं. आणि 'हाफ इंजिन' म्हणजे नक्की काय काय, हेड आहे की नाही, डिझेलचा पंप कोणाचा, हे कागदावर लिहून घ्या.

शेवटी आम्ही टाटाच्या प्रोलाइफ योजनेतलं, कंपनीने रिकंडिशन केलेलं इंजिन घ्यायचं ठरवलं. जुनं द्यायचं, तयार घ्यायचं. सेकंडपेक्षा आम्हाला जवळपास दुप्पट पडलं, पण पक्कं बिल, वॉरंटी आणि बिलावर इंजिन नंबर. तिसरी खेप त्या ऑर्डरसाठी, नवी मुंबईतल्या पार्ट्स काउंटरवर. ऑर्डर मॉडेलच्या नावावर देऊ नका, आरसी घेऊन जा आणि चेसिस नंबरावर टाका. २०७ चं इंजिन २९५६ सीसीचंच म्हणून सगळी सारखी असं नाही, बीएस, म्हणजे धुराच्या प्रदूषणाचा निकष, बदलला की पंप आणि वायरिंग बदलू शकतं. अल्टरनेटर, स्टार्टर, टर्बो, क्लच यांतलं काय येतं आणि काय जुन्यावरचं काढून बसवायचं, तेही तिथेच विचारा. आम्हाला अकरा दिवस लागले.

चौथ्या खेपेला जुनं इंजिन टेम्पोत घालून नेलं. ते पूर्ण लागतं. सुटे भाग गोणीत भरून नेलेत तर वाद होतो, म्हणून मिस्त्रींनी आधीच सगळं परत जोडून ठेवलं होतं. जमा केल्याची पावती जुन्या इंजिन नंबरासह घ्या आणि जपून ठेवा.

आता आरटीओ, जे बहुतेक जण टाळतात. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलायला नोंदणी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. त्याच कंपनीचं, त्याच प्रकारचं इंजिन मंजुरीशिवाय बदलायची सूट राज्य सरकार देऊ शकतं, पण ती निदान दहा व्यावसायिक गाड्या असणाऱ्यालाच. आपल्यासारख्या एका गाडीवाल्याने आधी अर्ज करावा. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्सवाल्यांचं संमतीपत्र आधी मिळवा, आमचे चार दिवस त्यातच गेले. नंबराची पेन्सिलने काढलेली छाप, बिल, पावती जोडली. आरसीवर नवा नंबर चढल्यावर विमा पॉलिसीतही बदलून घ्या, नाहीतर अपघातानंतर क्लेम अडतो. आठ वर्षांपुढच्या गाडीला दर वर्षी फिटनेस, म्हणजे आरटीओची तपासणी, असतो, तिथेही नंबर तपासतात.

बसवताना मिस्त्रींनी एक गोष्ट हट्टाने केली आणि ती मी प्रत्येकाला सांगते. इंटरकूलर, म्हणजे टर्बोतून येणारी हवा थंड करणारी जाळी, आणि त्याचे पाइप काढून धुतले. जुन्या इंजिनचं तेल आणि धातूचा चुरा त्यात अडकून राहतो, आणि नवं इंजिन पहिल्याच दिवशी तो ओढून घेतं. रेडिएटर साफ केला, सगळे होज, थर्मोस्टॅट, वॉटर पंप नवे घातले. डिझेल बंद ठेवून तेलाचा दिवा विझेपर्यंत स्टार्टर फिरवला, मगच इंजिन चालू केलं.

पहिले हजार किलोमीटर अर्धाच माल भरायचा, असं मिस्त्रींनी बजावलं आहे. परवा कळव्याच्या मंडळाचा मंडप त्यामुळे दोन खेपांत पोचवला. आता साडेआठशे झालेत. हजाराला तेल आणि फिल्टर बदलायचे आहेत, तोवर मुंब्रा बायपासवर बाबा स्वतः शेजारी बसून काट्याकडे बघत असतात.