पाण्याने रंगवलेले पाणी

जलरंगाचे सामर्थ्य नेमके कशात आहे, असे कोणी विचारले, तर मी इंग्रज चित्रकार जे. एम. डब्ल्यू. टर्नर याने सुमारे १८०९ मध्ये काढलेल्या शियोंच्या किल्ल्याच्या चित्राकडे बोट दाखवीन. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये असलेले हे चित्र मला मोठमोठ्या तैलचित्रांहून प्रिय आहे. स्वित्झर्लंडमध्ये, जिनिव्हा सरोवराच्या पूर्व टोकाला, माँत्रोजवळ, काठापासून जेमतेम सुटलेल्या खडकावर हा किल्ला उभा आहे. जमिनीकडून पाहिले, तर तो बुरुजांनी राखलेला कोट वाटतो. सरोवराकडून मात्र तो सव्हॉय घराण्याच्या सत्ताधीशांचा वाडा दिसतो.

टर्नर तेथे १८०२ मध्ये गेला. इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यातील युद्ध आमियांच्या तहामुळे थोडा काळ थांबले होते, आणि तेवढ्या अवधीत या २७ वर्षांच्या चित्रकाराने आल्प्समधून हिंडत चारशेहून अधिक रेखाटने केली. पुढच्याच वर्षी युद्ध पुन्हा पेटले, तेव्हा शियोंचे चित्र सात वर्षांपूर्वीच्या रेखाटनांवरून आणि स्मरणातून घडले. इंग्रज कवी बायरनने या किल्ल्यातील कैद्यावर कविता लिहिली ती १८१६ मध्ये, आणि त्यानंतर प्रवासी तळघर पाहण्यासाठी येऊ लागले. टर्नरचे चित्र त्याआधीचे आहे, म्हणून ते पाहताना कैद्याची कथा बाजूला ठेवून दगड, पाणी आणि हवा एवढेच पाहावे, असे मला मनापासून वाटते.

या चित्रातले पाणी समजायचे, तर आधी पांढऱ्या रंगाचा प्रश्न समजून घ्यावा लागतो. विन्सर अँड न्यूटन या रंग बनवणाऱ्या कंपनीचा जस्तापासून केलेला ‘चायनीज व्हाइट’ बाजारात आला १८३४ मध्ये. त्यापूर्वीचा शिसेयुक्त पांढरा जलरंगात कालांतराने काळवंडत असे. त्यामुळे त्या पिढीतील चित्रकारांचा उजेड मुख्यतः कागदाचाच होता. कोठे कागद कोरा राखायचा, कोठे वाळलेला रंग ओल्या कुंचल्याने उचलायचा, कोठे चाकूच्या टोकाने खरवडून लाटेवरची चकाकी काढायची, हे सारे ठरवूनच पहिला पातळ थर द्यावा लागे. आपल्याकडेही जलरंग शिकताना ‘पांढरा राखा’ हे प्रथम कानावर पडते. किल्ल्याची भिंत आणि तिचे प्रतिबिंब एकाच पारदर्शक रंगातून उतरवता येते, आणि त्या रंगाखालून कागद उजळत राहतो. तैलरंगात हे साधणे मला अशक्यप्राय वाटते.

पण ज्या प्रकाशामुळे ही चित्रे दिसतात, त्यानेच त्यांचे रंग विटतात. रसेल आणि ॲबनी या शास्त्रज्ञांनी प्रयोग करून १८८८ च्या अहवालात हे दाखवून दिले. निळीसारखे रंग उजेडात टिकत नाहीत. संग्राहक हेन्री व्हॉन यांच्या मृत्युपत्रानुसार १९०० मध्ये टर्नरची ३१ जलरंगचित्रे डब्लिनच्या नॅशनल गॅलरीला मिळाली, ती फक्त जानेवारीत, म्हणजे मंद उजेडाच्या महिन्यात, मांडावीत या अटीवर. संग्रहालये अशी चित्रे बहुतेक काळ पेटीत ठेवतात म्हणून अनेक रसिक नाराज होतात. मला मात्र व्हॉन यांची ती अट अतिशय शहाणपणाची वाटते.