ट्रोम्सोचा जानेवारी: सूर्य न उगवता पडणारा उजेड

“तिकडे सहा महिने रात्र असते ना? मग बघायचं काय?” निघण्याआधी इंदुरात रामबागेपासून सुदामानगरपर्यंत ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांतल्या बहुतेकांनी हेच विचारलं. म्हणून आधी तेवढं स्पष्ट करते. सहा महिन्यांची रात्र फक्त ध्रुवावर असते. तिथेसुद्धा पूर्ण काळोख साधारण नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंतच असतो. बाकीचा काळ संधिप्रकाशाचा. आम्ही गेलो ते नॉर्वेतलं ट्रोम्सो तर ध्रुवापासून बरंच खाली, सुमारे 69.6 अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे 27 नोव्हेंबरच्या आसपास सूर्य दिसेनासा होतो आणि 15 जानेवारीच्या सुमारास परततो. या दिवसांत तिथे जो उजेड पडतो तसा उजेड मी आजवर कुठेही पाहिला नव्हता. जायचं ते त्याच्यासाठी, असं माझं ठाम मत आहे.

भाची तिथल्या विद्यापीठात शिकते, म्हणून मी आणि माझी नणंद अशा दोघी गेलो. इंदूरहून दिल्ली, तिथून युरोपातल्या एका मोठ्या विमानतळावर, मग ऑस्लो, आणि ऑस्लोहून पावणेदोन-दोन तासांत ट्रोम्सो. प्रवास लांबचा आहे, पण अवघड नाही. व्हिसा शेंगेनचा लागतो, चलन मात्र युरो नसून नॉर्वेजियन क्रोन. कार्ड सगळीकडे चालतं.

निघण्याआधी डिसेंबरात आम्ही मुद्दाम उज्जैनच्या वेधशाळेत जाऊन भर दुपारी शंकुयंत्राची, म्हणजे उभ्या खुंटाची, सावली पाहिली. उत्तरायण सुरू होतं त्या दिवशी, म्हणजे 21-22 डिसेंबरला, इंदुरात माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे 44 अंश वर असतो. ट्रोम्सोचा अक्षांश आपल्यापेक्षा जवळजवळ 47 अंशांनी जास्त, म्हणजे तिथे तोच सूर्य त्याच दिवशी माध्यान्हीला क्षितिजाच्या तीन अंश खाली. ही एवढीच वजाबाकी करून घ्या, बाकीचं सगळं त्यातून कळतं.

सूर्य क्षितिजाखाली सहा अंशांपर्यंत असेल तर तो नागरी संधिप्रकाश. दिव्याशिवाय रस्त्यावरची कामं होतात. सहा ते बारा अंशांत सागरी संधिप्रकाश. समुद्राची क्षितिजरेषा दिसते आणि ठळक तारेही दिसतात. बारा ते अठरा अंशांत खगोलीय संधिप्रकाश. अठराच्या खाली गेला की खरी रात्र. इंदुरात सूर्य बराच उभा खाली उतरतो, त्यामुळे मावळल्यापासून खऱ्या रात्रीपर्यंतचा वेळ वर्षभर सव्वा ते दीड तासाच्या आत असतो. ट्रोम्सोत तो क्षितिजाला जवळजवळ समांतर सरकतो, म्हणून तेच टप्पे तासन्‌तास चालतात.

आम्ही जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात होतो. सकाळी साडेसहाच्या आसपास पूर्वेला काळोख किंचित पातळ व्हायला लागायचा, पण ते कळायला शहराबाहेर असावं लागतं. आठपर्यंत डोंगरांच्या कडा दिसू लागत. सव्वानऊनंतर बर्फावर निळा रंग उतरायचा, आणि तो नुसता आकाशात नसायचा. घरांच्या भिंती, फियॉर्डचं पाणी, नणंदेची पांढरी शाल, सगळं निळं. संधिप्रकाशातला हा निळेपणा बराचसा ओझोनमुळे येतो. किरण वातावरणातून फार तिरपे आणि लांबून येतात, आणि वाटेत ओझोनचा थर त्यातला पिवळा-नारिंगी भाग शोषून घेतो. अकरानंतर दक्षिणेला केशरी पट्टा उजळायचा, उत्तरेला खाली करडी-निळी पृथ्वीची सावली आणि तिच्यावर गुलाबी झालर. पावणेबारा-बारा ही सगळ्यात उजेडाची वेळ; सूर्य तेव्हा क्षितिजाखाली जेमतेम दोन अंश असायचा आणि बाहेर उभं राहून वर्तमानपत्र वाचता यायचं. अडीचपर्यंत हे रंग उलट्या क्रमाने विरत जायचे. सव्वापाचनंतर पूर्ण रात्र, तीही तेरा तासांची.

नणंदेला पहिल्या दिवशी प्रश्न पडला तो दिवेलागणीचा. सांज दुपारी दीडला झाली म्हणायची की तीनला? भाचीने सांगितलं, “मावशी, इथे सगळे घड्याळावर जगतात. तुम्हीपण तसंच करा, नाहीतर झोप बिघडेल.” मग वन्संनी सहा वाजता सांजवात हे ठरवून टाकलं आणि ते शेवटपर्यंत पाळलं. झोपेचं खरंच सांभाळा. दुपारच्या उजेडात रोज बाहेर पडा आणि हॉटेलात तीन वाजता आडवं होऊ नका.

बघायची जागा म्हणाल तर केबल कारने स्टोरस्टाइनेन या 421 मीटरच्या कड्यावर जा, आणि दहाच्या आधी जा. बहुतेक पर्यटक संध्याकाळी ध्रुवीय प्रकाशासाठी (नॉर्दर्न लाइट्स) वर चढतात आणि दुपारचे रंग हुकवतात. वाऱ्यामुळे केबल कार बंद राहू शकते, तेव्हा शेवटच्या दिवसावर टाकू नका. गावातच हवं असेल तर प्रेस्टवान्नेत तळ्याभोवती फिरा. तिथे दिवे कमी आहेत.

रात्रीच्या आकाशाने आम्हाला वेगळाच धक्का दिला. इंदूरहून ध्रुवतारा तेवीस अंशांवर दिसतो; तिथे तो सत्तर अंशांवर, मान मागे टाकून शोधावा लागतो. सप्तर्षी आणि शर्मिष्ठा कधी मावळतच नाहीत. उलट जानापावच्या टेकडीवरून जो मृग आपल्या डोक्यावर येतो, त्याचा पट्टा तिथे वीस अंशांपर्यंतच चढतो. व्याध क्षितिजाच्या तीन-चार अंश वर, म्हणजे डोंगरांमागेच राहतो. अगस्ती तर उगवतच नाही. लहानपणापासून ओळखीचं आकाश असं कललेलं बघितलं, तेव्हा पृथ्वी गोल आहे हे मला पहिल्यांदा मनापासून जाणवलं.

चंद्राचं गणित पंचांगातून आधीच करा. ऐन हिवाळ्यात तिथली पौर्णिमा म्हणजे चंद्र काही दिवस मावळतच नाही, आणि बर्फामुळे सगळा परिसर उजळून निघतो. फोटोंसाठी छान, ताऱ्यांसाठी वाईट. अमावास्येच्या आसपास मात्र चंद्र काही दिवस उगवतच नाही. आम्ही मार्गशीर्ष अमावास्या धरून गेलो होतो, त्याचा फार उपयोग झाला.

ध्रुवीय प्रकाशाबद्दल सगळेच लिहितात, मी थोडक्यात सांगते. त्याला अठरा अंशांचा काळोख लागत नाही. ठळक असेल तर सागरी संधिप्रकाशातही दिसतो. आड येतात ते ढग. किनाऱ्यावर ढग असले तर लिंगेन डोंगरांच्या पलीकडे, शिबोटनकडे जा. तो भाग पर्जन्यछायेत असल्याने आकाश मोकळं मिळण्याची शक्यता जास्त. आम्हाला हिरवा पडदा तिथेच दिसला.

आता ऋतूंचं. आपल्याकडच्या शाळांच्या सुट्ट्या मे-जूनच्या, आणि उत्तरेकडे तारे बघायला नेमका तोच काळ सगळ्यात वाईट. जूनच्या मध्यावर सुमारे 48.5 अंशांच्या वर कुठेही खरी रात्र होत नाही. पॅरिस या रेषेच्या जरासं वर येतं. लंडनमध्ये मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत पूर्ण काळोख नसतो. स्टॉकहोमला मध्यरात्रीही सागरी संधिप्रकाश असतो, आणि ट्रोम्सोत 20 मे ते 22 जुलैच्या सुमारास सूर्य मावळतच नाही. मुलांकडे उन्हाळ्यात लंडनला जाणाऱ्यांनी दुर्बीण घरी ठेवली तरी चालेल. ट्रोम्सोत सूर्य मध्यरात्री सहा अंशांखाली जायला ऑगस्टचा मध्य उजाडतो आणि खरी रात्र सप्टेंबरच्या मध्यानंतर परतते. बदलही झपाट्याने होतो: त्या सुमारास दिवस रोज आठ-नऊ मिनिटांनी आखूड होतो, आपल्याकडे दीड मिनिटाच्या आत.

लहान मुलं बरोबर असतील तर मी फेब्रुवारीचा उत्तरार्ध ते मार्चचा मध्य सुचवीन. दिवसा नेहमीसारखं ऊन, रात्री खरा काळोख, आणि संपातांच्या, म्हणजे दिवस-रात्र समान होतात त्या दिवसांच्या, आसपास ध्रुवीय प्रकाशाची हालचालही वाढलेली असते. दिवाळीच्या सुट्टीचा एक फायदा असा, की लक्ष्मीपूजन अमावास्येला असल्याने चंद्र आपोआप बाजूला होतो; पण शरद ऋतूत त्या किनाऱ्यावर पाऊस आणि ढग फार. निळा दुपारप्रकाश हवा असेल तर संक्रांतीच्या आधीचे दहा-बारा दिवस उत्तम. डिसेंबरच्या तुलनेत रंग जास्त वेळ टिकतात. नागरी संधिप्रकाश 21 डिसेंबरला साधारण चार तास वीस मिनिटांचा असतो, तो तेव्हा पाच तासांवर गेलेला असतो. संक्रांतीला आम्ही तिथेच होतो. गणिताने सूर्य त्याच दिवशी परततो, पण डोंगरांमुळे गावात तो 21 जानेवारीच्या सुमारास दिसतो. त्या दिवशी तिथले लोक सूर्याच्या नावाचे गोड पाव खातात. भाचीच्या मैत्रिणींना आम्ही तिळगूळ देऊन आलो.

सामानाबद्दल: नॉर्वेत बाहेरून दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत, तेव्हा तूप, पेढे, खव्याचं काही बांधू नका. पोहे, शेव, चटण्या चालतात आणि उपयोगी पडतात, कारण शाकाहारी जेवण महाग आहे. थंडीला घाबरू नका; अटलांटिकच्या उबदार प्रवाहामुळे जानेवारीचं सरासरी तापमान उणे चारच्या आसपास असतं. शिबोटनकडे मात्र बरीच जास्त थंडी. अंगालगत सुती कपडा नको, लोकरीचा घ्या. सुती घामाने ओला झाला की गारठवतो. गावातले रस्ते काचेसारखे गुळगुळीत असतात, तेव्हा बुटांवर चढवायचे खिळ्यांचे पट्टे पहिल्याच दिवशी तिथल्या दुकानातून घ्या. साठीच्या पुढच्यांनी तर त्याशिवाय पाऊल टाकू नये. कोटाला चमकणारी पट्टी लावा, गाडीवाल्यांना माणूस दिसतो. फोन आतल्या खिशात ठेवा, थंडीत बॅटरी पटकन उतरते. ढगांचा अंदाज नॉर्वेच्या हवामान खात्याच्या ‘यर’ ॲपवर तासातासाने बघा, आणि शिबोटनची गाडी तो बघूनच त्या दिवशी दुपारी ठरवा.