कोड-सर्व्हर नेटवर उघडा टाकू नका

कोड-सर्व्हर म्हणजे ब्राउझरमध्ये उघडणारा व्हीएस कोड (कोड लिहायचा एडिटर), हे बऱ्याच जणांना माहितीये, पण त्यात टर्मिनल (मशीनला थेट कमांड द्यायची खिडकी) पण असतं हे पटकन लक्षात येत नाही. पासवर्ड ज्याच्या हाती लागला त्याला नुसता तुमचा कोड नाही, अख्खं मशीन मिळालं, एसएसएच कीज (दूरच्या मशीनवर लॉगिन करायच्या किल्ल्या), गिटचे टोकन, सगळंच. म्हणून हे कळकळीने लिहितोय.

आधी मी तो एका छोट्या व्हीपीएसवर (भाड्याच्या सर्व्हरवर) डॉकरमध्ये (प्रोग्रॅम वेगळ्या कप्प्यात चालवणारं साधन) चालवायचो. यूएफडब्ल्यू हा फायरवॉल चालू, फक्त एसएसएचचा २२ नंबरचा पोर्ट उघडा, त्यामुळे मी निवांत होतो. एका रात्री सहज मोबाईल डेटावरून आयपीपुढे कोड-सर्व्हरचा पोर्ट ८०८० टाकून बघितलं तर लॉगिनचं पान हजर! पोटात गोळाच आला. झालं असं की डॉकर पोर्ट पब्लिश करताना आयपीटेबल्समध्ये (लिनक्सच्या मूळ फायरवॉलमध्ये) स्वतःचे नियम घालतो, ते पॅकेट यूएफडब्ल्यूच्या नियमांपर्यंत जातच नाही, आणि इकडे यूएफडब्ल्यूचं स्टेटस सगळं बंदच दाखवत राहतं. उपाय छोटासाच आहे, पोर्ट लिहिताना नुसतं ८०८०:८०८० लिहायचं नाही, आधी १२७.०.०.१ लावायचं, म्हणजे तो फक्त त्याच मशीनवरून उघडतो.

मग झोप उडाली ती उडालीच, एसएसएच पण तपासलं. पासवर्ड लॉगिन मी मुख्य कॉन्फिगमध्ये बंद केलेलं, पण उबुंटूच्या त्या इमेजमध्ये क्लाउड-इनिटची (सर्व्हर पहिल्यांदा सुरू होताना सेटिंग करणारा प्रोग्रॅम) एक वेगळी फाईल होती, तिच्यात ते चालू, आणि एसएसएचडी (एसएसएचचा सर्व्हर) जी ओळ आधी वाचतो तीच धरतो. फाईल बघून समाधान मानू नका, एसएसएचडीला कॅपिटल टी लावून चालवा, खरं काय लागू आहे ते तिथेच दिसतं.

पुढे १ जीबी रॅममध्ये बिल्ड मरायला लागले म्हणून सगळं घरच्या जुन्या लॅपटॉपवर आणलं. तर राउटरवर वॅन (बाहेरच्या बाजूचा) आयपी १००.७० की कायसा, म्हणजे सीजीनॅट, एकच बाहेरचा आयपी बऱ्याच ग्राहकांत वाटलेला (१००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचा पट्टा त्यासाठीच राखलेला आहे), पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेलं थेट लॅपटॉपकडे वळवणं) करून काही उपयोग नाही. मग व्हीपीएसवर वायरगार्ड हे व्हीपीएन (मशीनांमधला खाजगी बोगदा) बसवलं, घरचा लॅपटॉप स्वतःच बाहेर जाऊन त्याला जोडला जातो, कीपअलाइव्ह (जोडणी जिवंत ठेवणारं पॅकेट) २५ सेकंदांवर ठेवलाय नाहीतर नॅटमधली वाट बंद होते. वायरगार्ड २०२० पासून लिनक्स कर्नलमध्येच आहे, आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे ओळखीची की नसेल तर ते उत्तरच देत नाही, स्कॅन करणाऱ्याला तिथे काही आहे हेच कळत नाही.

अवघड सबडोमेन ठेवलं की कुणाला सापडणार नाही असं वाटत असेल तर तसं नाहीये, लेट्स एन्क्रिप्टचं एचटीटीपीएस सर्टिफिकेट घेतलं की ते नाव सर्टिफिकेट ट्रान्सपरन्सीच्या लॉगमध्ये (दिलेल्या सर्टिफिकेटांच्या जाहीर नोंदीत) जातं आणि ते कोणीही वाचू शकतं.

आता कोड-सर्व्हर १२७.०.०.१ वरच ऐकतो, मी वायरगार्ड चालू करून एसएसएच टनेल टाकतो (तिकडचा पोर्ट माझ्या मशीनवर आणतो) आणि लोकलहोस्ट (म्हणजे स्वतःचंच मशीन) उघडतो. लोकलहोस्टला ब्राउझर सुरक्षित मानतो, त्यामुळे एचटीटीपीएस नसूनही क्लिपबोर्ड वगैरे नीट चालतं. कॉन्फिगला हात लावला की वायफाय बंद करून, वायरगार्डही बंद ठेवून, मोबाईल डेटावरून एकदा ८०८० ठोकून बघतोच. पान उघडलं नाही की मगच लॅपटॉप मिटतो.