दाढ काढली, आग तशीच

तोंडाची आग होणारे पेशंट आमच्या मुखरोग ओपीडीत येतात ते बहुतेक सगळीकडे फिरून झाल्यावरच. या बाई पंचावन्नच्या आसपासच्या, मधुमेहाच्या जुन्या पेशंट. सकाळी उठल्यावर बरं असायचं. दुपारनंतर जिभेचा शेंडा आणि खालचा ओठ पेटायला लागायचा, संध्याकाळी बोलणंही नको व्हायचं. जेवताना मात्र आराम. तोंडात सतत धातूसारखी चव. एवढं ऐकल्यावर हे दुखणं दाताचं नाही, अशी शंका दंतवैद्याला यायलाच हवी. पण त्यांची एक धडधाकट दाढ आधीच काढून झाली होती. आग जिभेची आणि उपटली दाढ! काय झालंय ते कळत नसेल तर थांबावं, हात चालवू नये.

जीभ गॉजने धरून दोन्ही कडा, तळ, सगळं पाहिलं. व्रण नाही, चट्टा नाही, बुरशी नाही. पण तपासायचा आरसा गालाला आतून चिकटत होता. म्हणून त्यांना शांत बसवून 5 मिनिटं लाळ नळीत गोळा करायला लावली. एवढ्या वेळात अर्धा मिलीही जमली नाही तर लाळ खरोखर कमी आहे असं धरतात. त्यांची त्याहूनही कमी भरली. आग होणाऱ्या पुष्कळ पेशंटना तोंड नुसतंच कोरडं वाटतं, मोजली तर लाळ पुरेशी निघते. म्हणून मोजायचीच.

मग गोळ्या पाहिल्या. झोप लागत नाही म्हणून रात्री अमिट्रिप्टिलिन चालू होतं, त्याने लाळ आटते. मधुमेहाचं मेटफॉर्मिन कित्येक वर्षांपासूनचं, त्याने बी12 जीवनसत्त्व कमी होऊ शकतं आणि बी12च्या कमतरतेनेही जीभ जळजळते. फाइल एवढी जाड, पण बी12चा रिपोर्ट त्यात नव्हता. करून घेतला, बराच कमी आला. चघळताना बरं वाटतं म्हणून बाई दिवसभर गोड गोळ्या तोंडात ठेवत. त्यामुळे साखर वाढलेली, आणि लाळ नसल्याने दात हिरडीलगत किडू लागलेले. जो तो आपापल्या अवयवापुरतं पाहून मोकळा झाला होता.

निघताना त्यांनी मोबाइल पुढे केला. जिभेच्या मागच्या भागाचा, टॉर्च मारून काढलेला फोटो. ‘‘डॉक्टर, या गाठी कॅन्सरच्याच ना? घरी म्हणतात, तुझ्या मनाचे खेळ आहेत.’’

तसे 8 ते 12 उंचवटे प्रत्येकाच्या जिभेवर असतात, चव कळण्यासाठी. माझ्या जिभेवरचे त्यांना आरशात दाखवले, तेव्हा कुठे त्यांचा विश्वास बसला. रात्रीची झोप या भीतीनेच उडाली होती, आणि झोपेसाठीच्या गोळीने तोंड आणखी कोरडं पडलं होतं. जिभेवर काही न दिसता आग होणाऱ्या पेशंटच्या जिभेचा तुकडा तपासल्यावर अनेकांत बारीक मज्जातंतू विरळ झालेले आढळले आहेत. तरी ‘टेन्शन घेऊ नका’ असं सांगून त्यांना परत पाठवणारे डॉक्टर भेटतातच.

बी12ची इंजेक्शनं दिली, गोड गोळ्या बंद केल्या. फिजिशियनना पत्र लिहून अमिट्रिप्टिलिन हळूहळू थांबवलं. आग बरीच उतरली, पण संध्याकाळची राहिलीच. ती कशाची, हे मला अजून सांगता येत नाही. बी12 भरून निघालं तरी नसा सावरायला वेळ लागतो. की मूळचा मज्जातंतूंचाच आजार आहे? तसं असेल तर क्लोनाझेपामची गोळी 3 मिनिटं तोंडात धरून थुंकून टाकायचा उपाय आहे. पुढच्या वेळी आधी लाळ आणि बी12 पुन्हा मोजणार, मगच ती द्यायची की नाही ते ठरवणार.