तुम्ही विचारलंत म्हणून : स्क्रीन अडकली की मी एवढे प्रश्न का विचारतो

शाखेतून फोन येतो, ‘स्क्रीन अडकली आहे’ असे सांगितले जाते, आणि मी दोन-चार गोष्टी विचारू लागलो की पलीकडून ठरलेला प्रश्न येतो : ‘सर, विंडो बंद करून पुन्हा लॉगिन करू का, तेवढंच सांगा ना.’ आता माझ्या हाताखाली शिकणारी मुलेही हेच विचारतात. पतसंस्थेच्या शाखा पुटीमधून (दूरच्या सर्व्हरवर काम करण्याची विंडो उघडून देणाऱ्या प्रोग्रॅममधून) मुख्य कार्यालयातल्या सर्व्हरला जोडणे आणि त्या जोडण्या चालू ठेवणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे. या प्रश्नाला फोनवर नीट उत्तर देता येत नाही, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

जोडणीच होत नसेल तेव्हा संदेशाचे नेमके शब्द मी वाचून दाखवायला लावतो, ते उगीच नाही. ‘कनेक्शन रिफ्यूज्ड’ म्हणजे पलीकडून नकार का होईना, पण उत्तर आले आहे. बहुधा त्या पोर्टवर, म्हणजे सर्व्हरच्या त्या क्रमांकाच्या दारावर, ऐकणारा प्रोग्रॅम बंद पडलेला असतो. ‘कनेक्शन टाइम्ड आउट’ म्हणजे काहीच उत्तर आलेले नाही, आणि मग शोध वाटेत घ्यावा लागतो. ‘पण पिंग येतंय’ हे वाक्य मी रोज ऐकतो. पिंग ही यंत्राला मारलेली नुसती हाक; तिला ओ आल्याने यंत्र जागे आहे एवढेच कळते, पुटी ज्यावर जोडते त्या २२ क्रमांकाच्या पोर्टबद्दल त्यातून काहीही कळत नाही.

जुळलेली जोडणी मध्येच अडकते तेव्हा प्रकरण अधिक अवघड असते. जेवणाच्या सुट्टीनंतर अडकली असेल, तर बहुतेक वेळा वाटेतल्या फायरवॉलने, म्हणजे जोडण्यांवर पहारा ठेवणाऱ्या यंत्रणेने, निष्क्रिय जोडणीची नोंद गुपचूप पुसलेली असते. पुटीमध्ये किपअलाइव्ह, म्हणजे जोडणी जिवंत ठेवण्यासाठी अधूनमधून पाठवायचा संदेश, मुळात शून्यावर म्हणजे बंद असतो, आणि सर्व्हर चालवणारा लिनक्स स्वतःहून चौकशी करायची झाली तरी ७२०० सेकंद, म्हणजे दोन तास थांबतो. अशा वेळी विंडो बंद करणे हाच उपाय आहे, आणि मी तो सांगतोही. माझ्यावर केवळ चिकित्सेची हौस असल्याचा आरोप होतो, तो मला मान्य नाही.

पण टाइप करता करता स्क्रीन अडकली असेल तर मी थांबतो, आणि त्याला कारण आहे.

काही वर्षांपूर्वी एका शाखेतून संध्याकाळी सहाच्या सुमारास फोन आला. नव्याने रुजू झालेल्या लिपिक मॅडम पिग्मीच्या नोंदी करत होत्या, आणि स्क्रीन मध्येच थिजली होती. माझ्यापुढे आणखी दोन फोन वाजत होते. मी म्हणालो, ‘लाइन गेली असेल, विंडो बंद करा आणि पुन्हा सुरुवात करा.’ त्यांनी तसे केले. विंडो बंद होताच सर्व्हरवरचा त्यांचा प्रोग्रॅमही मेला. त्या प्रणालीत प्रत्येक ओळ लगेच खात्याला लागत असे, व्हाउचर मात्र सर्व नोंदी संपल्यावरच तयार होत असे. व्हाउचर दिसत नाही म्हणून त्यांनी सगळ्या नोंदी पहिल्यापासून केल्या, आणि शहाऐंशी खात्यांवर एकच रक्कम दोनदा जमा झाली. रोकड जुळेना. त्या रात्री दहापर्यंत शाखेत बसून होत्या. दुसऱ्या दिवशी माझ्याकडे कारण मागितले गेले, आणि मी नोंदवहीत दोन शब्द लिहिले : ‘वापरकर्त्याची चूक’. त्या दोन शब्दांच्या आधारे त्यांच्याकडून लेखी खुलासा घेण्यात आला.

पाच महिन्यांनी दुसऱ्याच कामासाठी मी त्या शाखेत गेलो आणि त्यांच्या शेजारी बसलो. दहावी नोंद झाली आणि त्यांची डावी करंगळी कंट्रोलवर गेली, दुसऱ्या बोटाने एस दाबला. स्क्रीन थिजली. आधीच्या नोकरीत त्या दिवसभर एक्सेलवर काम करत असत आणि थोड्या थोड्या वेळाने फाइल जतन करण्याची सवय त्यांच्या हाताला होती. पुटीच्या विंडोसारख्या टर्मिनलमध्ये मात्र कंट्रोल-एस म्हणजे ‘थांब’ आणि कंट्रोल-क्यू म्हणजे ‘पुढे चालू’. कागदी फितीवर चालणाऱ्या टेलिटाइप यंत्रांच्या काळातला हा संकेत आजच्या लिनक्समध्येही तसाच आहे. मी त्यांना कंट्रोल-क्यू दाबायला सांगितले आणि थांबलेली स्क्रीन एका क्षणात पुढे सरकली. त्या म्हणाल्या, ‘म्हणजे त्या दिवशीही हेच झालं होतं का, सर? तुम्हीच सांगितलं होतं ना, अडकलं की बंद करायचं. मी तेव्हापासून तेच करतेय. फक्त गठ्ठे लहान केलेत, म्हणजे घोटाळा झाला तरी दहाच नोंदींचा होतो.’

त्या शाखेची लाइन खराब आहे असे मी पाच महिने सगळ्यांना सांगत होतो.

मला कंट्रोल-एस ठाऊक नव्हते असे नाही, आणि हेच मला खुपते. ‘अडकण्याच्या आधी कोणती कळ दाबलीत?’ एवढे विचारले असते तर पुरले असते. तेव्हाचा मी आजही वाद घालतो की एकटा माणूस, एवढ्या शाखा, तीन फोन, तेव्हा आणखी काय करणार होतो? त्याचे म्हणणे सर्वस्वी खोटे नाही. पण घाईत सांगितलेला उपाय ही एक गोष्ट आणि सवडीने लिहिलेले ते दोन शब्द ही दुसरी. ते लिहिताना कोणताही फोन वाजत नव्हता. मी लेखी दुरुस्ती दिली आणि ती त्यांच्या फाइलला लागली. खुलाशाचा कागद मात्र अजून तिथेच आहे.

‘मग कंट्रोल-एसची ती सोयच बंद का करत नाही?’ असे मुले विचारतात. केली होती. टर्मिनलची मांडणी बदलणाऱ्या एसटीटीवाय आज्ञेच्या एका ओळीत ती बंद होते. आठवड्याच्या आत दोन जुन्या रोखपालांची तक्रार आली की लांबलचक रोजकीर्द स्क्रीनवरून धावू लागली की ती वाचण्यासाठी मध्ये थांबवता येत नाही. ते वर्षानुवर्षे कंट्रोल-एस जाणूनबुजून वापरत होते. त्यांच्या लॉगिनला ती पुन्हा चालू केली, त्यामुळे आता कोणाच्या लॉगिनवरून काम चालले आहे हा आणखी एक प्रश्न मला विचारावा लागतो. ही व्यवस्था बरोबर आहे, असे मी आजही छातीठोकपणे सांगू शकत नाही.

त्या शाखेतून अजूनही फोन येतात. ‘सर, क्यू दाबून बघितलं, विंडो बंद केलेली नाही, शेवटची नोंद बाविसावी आहे,’ असे मॅडम आधीच सांगतात, आणि मी सर्व्हरवर त्यांचा प्रोग्रॅम पाहायला घेतो.